घरी ट्रम्पेट रेकॉर्ड करताना

ट्रम्पेट, ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांच्या आवाजाचा बहुतेक मारा रुंद तोंडातून सरळ पुढे जातो. म्हणून माइक नेमका समोर नको. दोन-तीन फूट लांब, जरा बाजूला ठेवा, कर्कशपणा बराच उतरतो. महागडा, जास्त संवेदनशील कंडेन्सर माइक हवाच असं नाही, साधा डायनॅमिक माइक हा जोर आरामात सोसतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी, मात्र हळू फुंकून लावू नका! तुकड्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवा आणि आवाजाची पातळी दाखवणारा मीटर उणे १० डेसिबलच्या आसपासच थांबेल असं बघा. फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. मोबाइल वापरत असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग असल्यास बंद करा, नाहीतर हळुवार आणि दणदणीत सूर सारखेच ऐकू येतील. खोली घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर जाड रजई टांगा.