मंदीतली घराची स्वस्ताई आधी हप्त्यात मोजा

समजा, संभाजीनगरात सातारा-देवळाईच्या आतल्या बाजूचा फ्लॅट शहरातल्यापेक्षा ४ लाखांनी स्वस्त मिळतोय. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी गृहकर्जाचा लाखामागे हप्ता साधारण ८७० रुपये, म्हणजे महिन्याला वाचले साडेतीन हजार. त्यातून पाण्याच्या टँकरची वर्गणी आणि वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत जाण्यायेण्याचं पेट्रोल वजा करा. बऱ्याचदा हातात फार काही उरत नाही.

घर एप्रिल-मेमध्ये बघा. बिल्डरला नको, वॉचमनला विचारा: बोअर कधी आटतो, टँकर रोज की दिवसाआड? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडे घराचं ठिकाण बघणं म्हणजे आधी पाणी, रस्ता नंतर.

गुंठेवारीतली, म्हणजे रीतसर परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली जागा असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. बँक कर्जाला अडते, पुढे विकतानाही गिऱ्हाईक मिळत नाही.

आणि घासाघीस करून भाव रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या खाली आणलात, तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्याच किमतीवर लागतं. रेडी रेकनरची किंमत आणि तुमचा भाव यांतला फरक ५० हजार आणि व्यवहाराच्या रकमेच्या १० टक्के या दोन्हींहून जास्त असेल, तर आयकर खातं तो घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं.