परभणीच्या उन्हातून बर्फाच्या रिंकवर
भाचीची फिगर स्केटिंगची स्पर्धा बघायला परभणीहून देहरादूनला गेले, तर सोबत नुसती शाल. अर्ध्या तासात पाय बधिर झाले. तुम्ही स्वेटर, लोकरीचे मोजे, कानटोपी न्याच. बसायला घडीची सतरंजीही. कठड्याला चिकटून बसू नका, चार-पाच रांगा वर जागा धरा. तिथून बर्फावर उमटलेल्या रेघाही दिसतात. महिलांच्या दोन फेऱ्या असतात: पहिली, शॉर्ट प्रोग्राम, साधारण २ मिनिटं ४० सेकंदांची, दुसरी, फ्री स्केट, ४ मिनिटांची. उड्या ओळखायला अ‍ॅक्सेलपासून सुरुवात करा: तेवढी एकच पुढे तोंड करून घेतात, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. फ्लॅश बंदच ठेवा. आणि पोरगी पडली, तर ती उठताना जोरात टाळ्या वाजवा. आमची उठली, तेव्हा गुडघ्याला बर्फाचा चुरा चिकटला होता.