लाकडी लाँच बांधताय? आधी इंजिन घेऊ नका

होडीच्या आधी इंजिन घेणारा माणूस मला दुरून ओळखू येतो. "पंचवीस अश्वशक्तीचं मिळालं हो, स्वस्तात!" तो सांगत असतो, आणि मी मनात त्याच्या पेट्रोलचा हिशेब मांडत असतो.

गोल बुडाची लाकडी लाँच पाणी बाजूला सारत चालते, त्यामुळे तिचा वेग लांबीवर ठरतो. पाण्यालगतच्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. २० फुटांना साधारण ६ नॉट, म्हणजे तासाला ११ किलोमीटर. त्यापुढे रेटलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर, मागची बाजू खाली, आणि सगळं तेल लाट उठवण्यात. टनभराच्या लाँचला पाच-सहा अश्वशक्ती पुरते. उलटा वारा, ओहोटी धरून दहा. पंचवीस कशाला?

एका हौशी मित्राने दाभोळच्या खाडीत अशाच २० फुटीला पंचविसाचं आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायचं इंजिन, लावलं. मीही बसलो, चूक माझीच. खाडीत वर गोवळकोटकडे निघालो, गड्याने थ्रॉटल पूर्ण पिळलेलं. नाळेपुढचं पाणी दिसेना, वेग मात्र तोच. १२ लिटरची टाकी तासाभरात कोरडी. तेवढ्यात ओहोटी लागली आणि आम्ही उलटे दाभोळच्या तोंडाकडे वाहू लागलो. शेवटी एका कोळ्याच्या होडीने दोर टाकला. तिचं इंजिन नऊचं! त्या पोराने एक अक्षर काढलं नाही, नुसतं आमच्या इंजिनाकडे बघितलं.

मी ६ ऐवजी ५ नॉटवरच चालवतो. ताकद जवळपास निम्मी लागते, गप्पाही ऐकू येतात. आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा मोठा, सावकाश फिरणारा घ्या.

आता बांधणी. इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग कालवून होणाऱ्या डिंकात, हार्डनर जास्त घातलं की लवकर सुकतं, हा घाईवाल्यांचा लाडका समज. सुकत नाही, चिकट राहतं. मी काट्यावर तोलतो आणि पसरट ताटात थोडंथोडंच कालवतो. खोल डब्यात भरून ठेवलंत तर धूर निघेल. सागाला तेल असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा. प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे सागरी प्लायच्या भारतीय मानकाचा. 'वॉटरप्रूफ' म्हणून देतात तो स्वयंपाकघरात लावा. फळीच्या कापलेल्या टोकांना इपॉक्सीचे तीन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

बुडाला शिंपले चढू दिलेत तर तेल वाढणारच, इंजिनाला शिव्या देऊ नका.

आता पावसाळा. लाकूड कुजतं ते खाऱ्या पाण्याने कमी, पावसाच्या गोड्या पाण्याने जास्त. तरी लोक होडी ताडपत्रीत गच्च गुंडाळतात आणि आत घाम साचून फळ्यांना बुरशी धरते. माझ्या लाँचवर नारळाच्या झापांचा मांडव असतो, दोन्ही टोकं उघडी, खालचं बूच काढलेलं. शेजारी हसतात. नारळी पौर्णिमेला मात्र त्यांच्याच फळ्यांत सुतार टोच्या खुपसत असतो.