न्यू पॅलेससमोर कांट कसा वाचावा

सौंदर्यशास्त्राचा अभ्यासगट या शास्त्राला नाव देणाऱ्या बाउमगार्टेनपासून (१७५०) क्रमाने सुरू केला की तिसऱ्या बैठकीला दोघंच उरतात. त्याऐवजी जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७९० च्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या ग्रंथातलं दुसरं कलम घ्या. मजकूर जेमतेम पानभर. पाच-सहा जण, दोन तास, प्रत्येकाकडे झेरॉक्स आणि बैठक कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या आवारात.

कारण कलम राजवाड्याचंच आहे. समोरचा राजवाडा सुंदर वाटतो का, एवढाच प्रश्न. त्यावर कांट आडवी उत्तरं मांडतो: पॅरिसात खानावळींखेरीज काहीच न आवडलेला इरोक्वॉय (उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी) सरदार, फ्रेंच विचारवंत रूसोच्या थाटात, लोकांच्या घामावर चाललेल्या बड्यांच्या मिजाशीला नावं ठेवणारा, निर्जन बेटावर झोपडीत भागवणारा. हे सगळं कबूल, पण आत्ता प्रश्न तो नाही, म्हणून तो पुढे सरकतो.

पहिलं वाचन मोठ्याने, चर्चा नको. दुसऱ्या वाचनाला वहीत दोन रकाने आखा: डावीकडे कांट काय धरतो, उजवीकडे काय बाजूला सारतो. मग तेच समोरच्या इमारतीला लावा. डावीकडे काळा दगड, कमानी, घड्याळाचा मनोरा. उजवीकडे बांधकाम १८७७ ते १८८४, आराखडा ब्रिटिश लष्करी इंजिनियर चार्ल्स मँटचा. त्याआधी, १८५७ च्या उठावानंतर, छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांची कराचीला रवानगी. उजवा रकाना भरल्यावर डावीकडचा निवाडा हलला का, हे प्रत्येकाने एका वाक्यात लिहायचं. बोलायचं त्यानंतर.

तारखांत हमखास घोळ होतो. फ्रेंच क्रांतीत पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडला १७८९, कांटचा ग्रंथ १७९०, तेव्हा फ्रेंच वसाहत असलेल्या हैतीतल्या गुलामांचा उठाव ऑगस्ट १७९१. म्हणजे ग्रंथाला पॅरिसची पार्श्वभूमी जोडता येते, हैतीची नाही. हैती जर्मन कवी-विचारवंत शिलरसाठी (१७९५) राखून ठेवा. सौंदर्याच्या वाटेनेच माणूस स्वातंत्र्याला पोचतो, असं शिलर सांगतो. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, हैतीतल्या लढ्याच्या रेट्याखाली, फ्रान्सने गुलामगिरी रद्द केलेली असते. त्या लढणाऱ्यांना सौंदर्याची शिकवणी कुणी लावली होती?

इरोक्वॉय सरदारावरून वंशाचा प्रश्न निघतोच. ‘कांट वंशवादी, विषय संपला’ आणि ‘तो काळच तसा होता’ या दोन्ही वाक्यांनी वाचन थांबतं. कुणी तिथे अडलं, तर २९ वं कलम काढा. संस्कार नसलेल्याला उदात्त, म्हणजे अफाट-भव्य, गोष्ट नुसती भीतिदायक वाटते, हे सांगताना कांटने उदाहरण दिलंय ते हिमशिखरांच्या शौकिनांना मूर्ख म्हणणाऱ्या, आल्प्समधल्या सॅव्हॉयच्या शेतकऱ्याचं. हा तर युरोपातलाच!

पुढच्या बैठकीला ब्रिटिश विचारवंत आणि खासदार बर्कचा उदात्त आणि सुंदर यांवरचा ग्रंथ (१७५७), चौथ्या भागातला एकच उतारा: डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी आलेला मुलगा काळ्या स्त्रीला पाहून हादरतो, तो. बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर महाभियोग चालवणारा हाच बर्क, हे मात्र वाचून झाल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर गट त्याची वकिली करत बसतो.