उद्योजकांना हिशेब वाचायला कसे शिकवावे : नाशिकमधील लेखापालांसाठी

अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लहान कारखाना चालवणारा माणूस सुट्या भागाचे माप मायक्रॉनपर्यंत अचूक सांगतो, परंतु ताळेबंद समोर आला की पेन्सिलने फुली मारलेल्या जागी सही करून मोकळा होतो. या माणसाला स्वतःचे आकडे वाचता यावेत, यासाठी जो लेखापाल आपल्या व्यवसायाचा काही भाग शिकवण्याकडे वळवू इच्छितो, त्याने हे काम विवरणपत्रे भरण्याच्या कामापेक्षा वेगळे आहे हे आधीच मान्य करावे. विवरणपत्र भरताना आपण सरकारला उत्तर देत असतो. वर्गात मात्र प्रश्न मालकाचा असतो, आणि तो बहुतेक वेळा एकच असतो : नफा दिसतो आहे, मग पैसा कुठे गेला?

काय शिकवू नये हे प्रथम ठरवावे. नावे आणि जमा यांचे नियम, कीर्द, खतावणी यांत मालकाला अडकवण्याची गरज नाही, कारण लिहिणारा माणूस किंवा सॉफ्टवेअर त्याच्याकडे असतेच. मी पहिल्या वर्गात गुणोत्तरांच्या बावीस स्लाइड दाखवल्या होत्या. लोकांनी सौजन्याने ऐकून घेतले, आणि चहाच्या वेळी एकाने विचारले की बँक कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी दिलेल्या फिरत्या कर्जाची, मर्यादा का वाढवत नाही. वर्ग तिथूनच सुरू व्हायला हवा होता.

पहिल्या सत्रात फळ्यावर एकच उदाहरण घ्यावे आणि ते घाई न करता सोडवावे. समजा, एक कारखाना दरमहा 10 लाखांचा माल देतो आणि 18 टक्के जीएसटी धरून 11 लाख 80 हजारांचे बिल महिनाअखेरीस करतो. कच्चा माल साडेपाच लाखांचा, करासह 6 लाख 49 हजारांचा, आणि त्याचे पैसे महिनाअखेरीस द्यायचे. पगार, वीज, भाडे मिळून 3 लाख, तेही महिनाअखेरीस. म्हणजे महिन्याचा नफा दीड लाख. आता ग्राहक 90 दिवसांनी पैसे देतो असे धरून, पहिला पैसा येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत काय काय गेले ते उपस्थितांकडूनच वदवून घ्यावे : कच्च्या मालाचे तीन हप्ते मिळून 19 लाख 47 हजार, खर्चाचे 9 लाख, आणि विक्रीवरच्या करातून खरेदीवरचा कर वजा करून दर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरलेला 81 हजारांचा जीएसटी तीन वेळा, म्हणजे 2 लाख 43 हजार. बेरीज 30 लाख 90 हजार होते. तीन महिन्यांचा कागदावरचा नफा साडेचार लाख आहे आणि बाहेरून एक रुपयाही आलेला नाही. ग्राहकाकडून पैसे मिळोत वा न मिळोत, बिलावरचा कर सरकारला वेळेवर द्यावाच लागतो, हे कलम वाचून दाखवण्यापेक्षा या बेरजेतून अधिक चांगले कळते.

यानंतर फक्त एक आकडा बदलावा. उधारी 90 ऐवजी 60 दिवसांची केली तर अडकणारी रक्कम 20 लाख 60 हजारांवर येते. म्हणजे 10 लाख 30 हजार मोकळे होतात आणि 11 टक्के व्याजाने पाहिल्यास वर्षाला सुमारे 1 लाख 13 हजार वाचतात. खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकून राहणारा पैसा, या शब्दाची व्याख्या या टप्प्यावर सांगावी, त्याआधी नाही.

उदाहरण मात्र समोरच्या माणसांच्या धंद्याचे असावे. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील कांदा व्यापाऱ्याला शेतकऱ्याचे पैसे लगेच चुकवावे लागतात आणि परराज्यातील खरेदीदाराकडून ते नंतर येतात, म्हणून त्याच्यासाठी दिवसांचा तक्ता करावा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराचा खर्च ऑक्टोबर छाटणीपासून वाढत जातो आणि उत्पन्न हंगामातल्या काही आठवड्यांत येते; त्याला गुणोत्तरापेक्षा बारा महिन्यांचा रोख प्रवाहाचा तक्ता उपयोगी पडतो. सराफ बाजारातील दुकानदाराचा पैसा बहुतांशी सोन्याच्या साठ्यात असतो, त्यामुळे त्याच्याशी साठ्याच्या मूल्यांकनावर बोलावे.

कराचा विषय वेगळा न काढता याच धाग्यात आणावा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. 2023 च्या वित्त अधिनियमाने आणलेल्या आणि निर्धारण वर्ष 2024-25 पासून लागू झालेल्या तरतुदीमुळे या मुदतीपलीकडे थकलेल्या रकमेची आयकरातली वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्याशिवाय मिळत नाही. वर्गातील बहुतेक मालक एकाच वेळी विकणारे आणि घेणारे असतात. म्हणून प्रत्येकाला विचारावे की आपला उद्यम नोंदणी क्रमांक (सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा) बिलावर छापला आहे का, आणि आपण ज्यांचे देणे लागतो त्यांची नोंदणी तपासली आहे का. निव्वळ व्यापाऱ्याच्या थकबाकीला हा लाभ मिळत नाही, हेही त्याच वेळी सांगावे, नाहीतर नंतर वाद होतात.

दुसऱ्या सत्रापासून प्रत्येकाने स्वतःची येण्यांची व देण्यांची यादी आणि घरखर्चासाठी केलेल्या उचलीचा आकडा आणावा. उचलीचा विषय नाजूक असतो, कारण नफ्याचा मोठा भाग मुलाच्या शिक्षणात किंवा प्लॉटच्या हप्त्यात गेलेला असतो आणि तो चारचौघांत बोलून दाखवायचा नसतो. त्यामुळे आकडे फळ्यावर न लिहिता प्रत्येकाने आपल्या कागदावरच मांडावेत. एकाच धंद्यातले दोन स्पर्धक एका तुकडीत घेऊ नयेत. आपल्या अशिलाचे आकडे नाव वगळूनही वापरू नयेत. नाशिकच्या उद्योगवर्तुळात यंत्रांची संख्या सांगितली तरी कारखाना ओळखला जातो. शक्य असल्यास घरातील जी व्यक्ती प्रत्यक्ष रोजमेळ लिहिते, मग ती पत्नी असो वा धाकटा भाऊ, तिलाही बोलवावे. अनेकदा सर्वांत नेमका प्रश्न तीच विचारते.

तुकडी दहा-बारा जणांची पुरे. जागेसाठी ‘निमा’ किंवा ‘आयमा’सारख्या उद्योजक संघटनांकडे विचारणा करता येते. सनदी लेखापाल असल्यास 1949 च्या अधिनियमानुसार अशील मिळवण्यासाठी जाहिरात वा विनवणी करण्यावर बंधने आहेत, म्हणून वर्गाचे पत्रक काढण्यापूर्वी आणि नियमित शिकवणी सुरू करण्यापूर्वी सनदी लेखापालांच्या संस्थेचे नियम व आवश्यक ती परवानगी पाहून घ्यावी. कोणी कोणता शेअर घ्यावा असे विचारल्यास उत्तर देऊ नये. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या 2013 च्या विनियमांनुसार नोंदणी लागते. शुल्क पहिल्या तुकडीपासूनच घ्यावे, थोडे असले तरी चालेल, कारण फुकटच्या वर्गाला माणसे यादी न आणताच येतात. आणि जीएसटी नोंदणी असल्यास शिकवण्याच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. या नोंदणीसाठीची वर्षाला 20 लाखांची मर्यादा मोजताना ऑडिट, सल्ला आणि वर्ग या सगळ्यांचे उत्पन्न एकत्र धरावे.