खालच्या कवळीचं रिबेस: क्लेम भरताना या चुका टाळा

अमेरिकन डेंटल बिलिंगमध्ये नवीन आलेली मंडळी क्राउन आणि इम्प्लांटला घाबरतात, आणि कवळीचे क्लेम ‘सोपे’ म्हणून पटापट उडवतात. मग डी५७११ चे, म्हणजे खालच्या पूर्ण कवळीच्या रिबेसच्या कोडचे, डिनायल (नाकारलेले क्लेम) माझ्या टेबलावर येतात. कारणं बघावीत तर दर वेळी तीच.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक आधी घेतो: रिलाइनच्या जागी रिबेस लावणं. रिलाइनमध्ये कवळीचा फक्त हिरडीकडचा पृष्ठभाग नव्या मटेरियलने भरून घेतात. रिबेसमध्ये दात तेच, त्यांची मांडणी तीच, पण खालचा गुलाबी बेस जवळजवळ सगळा काढून नवा करतात. हे काम खुर्चीशेजारी बसून होत नाही, कवळी लॅबला जावीच लागते. खालच्या पूर्ण कवळीचं रिबेस डी५७११. खालचीच पूर्ण कवळी क्लिनिकमध्ये रिलाइन केली तर डी५७३१, लॅबमधून करून घेतली तर डी५७५१. डी५७५१ आणि डी५७११ या दोन्हींत लॅब येते, आणि घोळ नेमका इथेच होतो.

एका क्लिनिकच्या चार्टमध्ये डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, ‘रिलाइन/रिबेस लोअर’. मधे एक तिरकी रेघ, बस. आमच्याकडच्या नव्या मुलाने कोणालाही न विचारता डी५७११ लावला, कारण फी जास्त दिसली. क्लेम पास झाला, पैसे आले, सगळे खूश. काही महिन्यांनी पेयरने, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीने, रेकॉर्ड मागवले. लॅबच्या बिलावर स्वच्छ शब्दांत रिलाइन. पैसे परत गेलेच, वर त्या क्लिनिकचे कवळीचे आधीचे क्लेमही तपासायला मागवले गेले. मुलगा मला विचारतो, “पण सर, पैसे तर आले होते ना?” पैसे आले म्हणजे कोड बरोबर होता, ही समजूत ज्याच्या डोक्यातून निघत नाही, त्याला मी कवळीचे क्लेम देत नाही. झालेल्या कामापेक्षा मोठा कोड लावणं म्हणजे अपकोडिंग, आणि मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याच्या) पेशंटच्या बाबतीत ते थेट फॉल्स क्लेम्स ॲक्टपर्यंत, म्हणजे सरकारकडे खोटे क्लेम करण्याविरुद्धच्या कायद्यापर्यंत, जाऊ शकतं.

माझी सवय अगदी साधी आहे. चार्टच्या आधी लॅब स्लिप, म्हणजे डॉक्टरांनी लॅबला दिलेली कामाची चिठ्ठी, उघडतो. स्लिप, लॅबचं बिल आणि डॉक्टरांची नोंद, तिन्हींत एकच काम दिसलं तरच कोड टाकतो. तिरकी रेघ दिसली की फ्रंट डेस्कला फोन. डॉक्टर वैतागतात; वैतागू देत. नोंद दुरुस्त करायची ती त्यांनीच, आणि दुरुस्तीची तारीख घालून. आपण आपल्या मनाने चार्टला हात लावायचा नाही.

दुसरी चूक नॅरेटिव्हची, म्हणजे हे काम का लागलं ते सांगणाऱ्या क्लेमसोबतच्या टिपणाची. ‘कवळी सैल आहे, रिबेस आवश्यक’ एवढं एक वाक्य टेम्पलेटमधून चिकटवायचं आणि पाठवून द्यायचं. सैल कवळीला रिलाइनही चालतं, मग आम्ही रिबेसचे पैसे का द्यायचे, असं पेयर विचारणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही. एकदा तर कोड डी५७११ आणि नॅरेटिव्हमध्ये ‘वरची कवळी’. टेम्पलेट वरच्या रिबेसचं, म्हणजे डी५७१० चं होतं. वाचायला दहा सेकंद लागली असती, पण शॉर्टकटवाल्यांकडे तेवढीही नसतात.

रिबेसच का, हे नॅरेटिव्हमध्ये दिसलं पाहिजे. बेसला तडा गेलाय का, आधी कितीदा जोडलाय, ॲक्रिलिक सच्छिद्र किंवा खराब झालंय का. त्याच वेळी दात झिजलेले नाहीत आणि चाव्याची उंची ठीक आहे, हेही हवं. दात झिजले असतील आणि उंचीही गेली असेल, तर नवी कवळी का नाही, असा प्रश्न येतो. हाड झिजलंय असं डॉक्टरांनी नोंदवलं असेल तर तेही घाला. टालग्रेन यांच्या १९७२ च्या दीर्घकालीन अभ्यासात खालच्या रिजची (हिरडीखालच्या हाडाच्या कडेची) झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती, म्हणून खालच्या कवळीत हा मुद्दा खरा वजनदार असतो. पण चार्टमध्ये नसलेलं एक अक्षरही नॅरेटिव्हमध्ये नको. मी कवळीचा आतल्या बाजूचा फोटो मागवून घेतो. तडा फोटोत दिसला की तीन वाक्यं पुरतात.

तारखेचं काय? बरेच पेयर कवळी पेशंटच्या तोंडात परत बसवली ती तारीख धरतात, माप घेतलं ती नव्हे. आधी प्लॅन बघा. मधल्या काळात कव्हरेज संपलं म्हणून तारीख मागे सरकवायची ‘आयडिया’ मला कोणी सुचवू नये.

फॉर्मवरच्या बारीकसारीक गोष्टी. रकाना २५ (तोंडाचा भाग) सहसा रिकामा, कारण खालचा जबडा कोडच्या नावातच येतो; पेयरने मागितला तरच ०२. दाताचा नंबर लागत नाही. खालची कवळी पूर्ण नसून पार्शल, म्हणजे काहीच दातांची असेल, तर रिबेसचा कोड डी५७२१. जुनी कवळी कधी बसवली ती तारीख शोधाच, कारण बहुतेक प्लॅन नव्या कवळीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतलं रिलाइन-रिबेस मूळ फीमध्येच धरतात. इमिजिएट (दात काढल्याबरोबर बसवलेल्या) कवळीचे नियम वेगळे असू शकतात, ते वेगळे तपासा. ४३ नंबरच्या रकान्यात (जुन्याच्या जागी नवी दिली का) रिबेसला ‘होय’ टिक करून नवी कवळी दिल्यासारखं दाखवू नका. रिबेसनंतर लगेच डी५४११ लावून ॲडजस्टमेंटचे पैसे मागायचे नाहीत. फ्रिक्वेन्सी (ठरावीक काळात किती वेळा चालतं) तपासताना मागचं रिलाइनही बघा, अनेक प्लॅन दोन्ही एकाच मर्यादेत मोजतात.

आणि डिनायल आलं की तोच क्लेम जसाच्या तसा पुन्हा पाठवायचा, हा उतावळ्यांचा लाडका उपाय. तो ड्युप्लिकेट म्हणून परत येतो आणि अपीलची मुदत मात्र सरत राहते. आधी ईओबीवरचा (क्लेमचं काय झालं ते सांगणाऱ्या पेयरच्या पत्रावरचा) शेरा वाचा. कागद कमी पडला असेल तर क्लेम नंबर घालून तेवढा कागद पाठवा. कोड किंवा रकाना चुकला असेल तर करेक्टेड क्लेम. अपील फक्त तेव्हा, जेव्हा आपलं सगळं बरोबर आहे आणि लॅब स्लिप हातात आहे.