लेकरं तीन वयांची, मैदान एकच

घरात दोन, पाच आणि नऊ वर्षांची लेकरं असली की मैदानावर एक डोळा घसरगुंडीवर, दुसरा झोक्यावर, आणि तिसऱ्यासाठी डोळाच उरत नाही. म्हणून नव्या जागेची पहिली खेप लेकरांना घरी ठेवूनच करा. दहा मिनिटं पुरतात. कॉलनीतली खुली जागा असो, जिल्हा परिषद शाळेचं पटांगण असो, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, पाहायच्या गोष्टी त्याच.

आधी खाली बघा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात; पावसाळ्यात तीच चपलेला चिकटते, मग शिडीवर पाय सटकतो. खेळण्याखाली वाळू असेल तर काडी खुपसून बघा. ती निदान वीतभर, म्हणजे नऊ इंच, आत गेली पाहिजे. एवढी सैल वाळू साधारण चार फुटांवरून पडलेल्या लेकराला सांभाळून घेते. त्याहून उंच खेळणं असेल, किंवा खाली नुसता मुरूम अथवा फरशी असेल, तर ते खेळणं लहानांसाठी बाद.

मग झोका. साखळी वरच्या दांड्याला जिथं अडकवलेली असते तो आकडा घासून पातळ झालाय का, त्याचं तोंड उघडलंय का, ते बघा. खांब दोन्ही हातांनी हलवा. गंज बहुतेक जमिनीलगतच लागतो आणि वरच्या रंगाखाली दिसत नाही. फायबरची बैठक तडकली असेल तर मांडीला चिमटा बसतो. कठड्याच्या गजांमध्ये साडेतीन ते नऊ इंचांची फट असेल तर लहान लेकराला तिथं चढू देऊ नका. पाय आणि अंग आरपार जातं, डोकं अडकतं. घसरगुंडीच्या पाट्याखाली आणि उघड्या पाइपांत गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, तेही वाकून बघून घ्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा सहानंतरच जा. पत्र्याच्या घसरगुंडीवर तळहाताची मागची बाजू ठेवून पाच आकडे मोजा. हात ठेववत नसेल तर लेकराच्या पोटऱ्या भाजणारच. ऊन उतरलं तरी पत्रा लगेच निवत नाही. हिवाळ्यात सकाळी दवानं पाटा निसरडा होतो, तेव्हा कोरडं फडकं फिरवा.

घसरगुंडीवर सर्रास घडणारी चूक म्हणजे धाकट्याला मांडीवर घेऊन घसरणं. सुरक्षित वाटतं, पण उलट आहे. लेकराच्या बुटाचा तळवा कडेला अडकतो, पाय तिथंच राहतो आणि मागून मोठ्या माणसाचं वजन ढकलत येतं. नडगीचं हाड मोडतं ते असं. त्याला एकट्याला, पाय पुढं करून बसवा आणि तुम्ही बाजूनं हात धरून चाला. एरवीही नियम एकच: जिथं लेकरू स्वतः चढत नाही, तिथं त्याला उचलून ठेवायचं नाही. उतरणंही त्याला जमणार नसतं.

चढण्याआधी ओढणी, गळ्यातला ताईत, टोपीची दोरी, अडकवलेली पाण्याची बाटली सगळं काढून ठेवा. गळ्याला फास बसतो तो याच गोष्टींनी. पायात बंद बूट हवेत, कारण दिवाळीनंतर मोकळ्या मैदानात सराटे असतातच. पिशवीत चिमटा, पट्ट्या आणि भरपूर पाणी.

आता वाटणी. तीन-चार वर्षांच्या पोराला झोक्याचा वेग कळत नाही, ते सरळ त्याच्यासमोरून पळतं. म्हणून धाकट्याला वाळूत, झोक्याच्या मागच्या-पुढच्या टप्प्यापासून लांब बसवा. तुम्ही अशा जागी बसा की त्याच्यावर नजर असताना मोठंही दिसेल. गोल चकरी थोरल्यानं जोरात फिरवायची नाही आणि ती पूर्ण थांबल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. ओपन जिमपासून मात्र लहानांना लांबच ठेवा. ती यंत्रं मोठ्यांच्या मापाची असतात आणि हलत्या दांड्यांच्या सांध्यात बोटं चेचतात. नऊ वर्षांच्या भावावर दोन वर्षांच्या बहिणीची जबाबदारी टाकणं हा त्या दोघांवरही अन्याय आहे.

थोरल्याला खेळण्यांचा कंटाळा लवकर येतो. त्याला लगोरी द्या: सात चपट्या ठिकऱ्या, एक रबरी चेंडू. लंगडीत पाच वर्षांच्याला दोन्ही पायांनी पळू द्या आणि दोन वर्षांचं कच्चं लिंबू. ते कधी बाद होत नाही, आणि खेळात असल्याचा त्याचा तोरा बघण्यासारखा असतो. पोरं जास्त जमली तर खो-खो. खऱ्या मैदानाचे 27 बाय 16 मीटर कुठून आणणार? आठाऐवजी चार जण बसवा, जागा अर्धी करा. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, हे थोरल्याला सांगून ठेवा; तो बसतानाही नीट बसेल.

मोडकं खेळणं दिसलं तर नगरपालिकेत तोंडी सांगून भागत नाही. फोटो लावून अर्ज द्या, त्यात कुठल्या झोक्याचा कुठला आकडा ते नेमकं लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. दुरुस्ती होईतो झोक्याची साखळी वरच्या दांड्याला गुंडाळून सुतळीनं बांधून टाका, म्हणजे दुसऱ्यांची पोरंही बसणार नाहीत.